रडक्या खोलीची काच

पोर्ट गिडली
४ मे २०२३

रॉझ,

आधीच सांगतो, कोणी मेलेलं नाही आणि मलाही काही झालेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला तसंच वाटलं असेल, म्हणून सांगितलं. गुडघे कुरकुरतात, पण ते तू इथे होतीस तेव्हाही कुरकुरत होते.

लिहितोय ते हेटीच्या चित्रामुळे. ख्रिसमसच्या कार्डात तू एकच ओळ लिहिली होतीस, 'आम्ही ठीक आहोत, तूही असशील.' बरं. पण पाकिटाच्या तळाशी घडी घातलेला एक कागद निघाला. तो तू घातलास की पोरीने तुझ्या नकळत, हे मी विचारणार नाही. कागदावर कुत्रं आहे, एक कान उभा, एक पडलेला. खाली लिहिलंय, 'आजोबा, आई म्हणते तुला असं कुत्रं हाताच्या सावलीने करता येतं. खरं का?'

पाच महिने तो कागद फ्रिजवर आहे. म्हणजे तू तिला कुत्र्याचं सांगितलंस. मला वाटलं होतं, माझ्याबद्दल तू तिला काहीच सांगत नसशील.

खरं आहे म्हणावं. अजून येतं. बोटं थोडी वाकडी झालीत, त्यामुळे कुत्रं म्हातारं दिसतं.

तर, जुलैच्या सुट्टीत गावच्या सिनेमा हॉलमध्ये आम्ही कार्टून लावतोय. बिळात राहणाऱ्या गुबगुबीत वॉम्बॅटचं आहे काहीतरी. तू हेटीला घेऊन ये. तिच्याएवढी इथली सगळी पोरं येतात. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिथे माझं लोखंडी सामान पडलंय, ते हलवीन.

चार वर्षांपूर्वी काय झालं ते मी उकरून काढणार नाही. तूही काढू नकोस, म्हणजे झालं.

डॅड

२१ मे

रॉझ,

उत्तर नाही. पोस्ट हल्ली चालत नाही, रांगते, असं मी धरून चाललोय.

इथली एक गंमत सांगतो. वॉलीला तू विसरली नसशील, बार्लीच्या शेतातला, एक पाय ओढत चालणारा. शहात्तर वर्षांचा घोडा झालाय. त्याला कार्टूनचं वेड आहे, पण ते मान्य करायची लाज वाटते. म्हणून प्रत्येक वेळी शेजारची पोरगी 'उसनी' घेऊन येतो. दारात मोठ्याने म्हणतो, "काय करणार, पोर ऐकेचना!" गेल्या खेपेला ती पोरगी दहाव्या मिनिटाला झोपली. हे महाशय शेवटपर्यंत बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल.

"काय रे, रडलास?" मी विचारलं.

"पॉपकॉर्नचं मीठ डोळ्यात गेलं," म्हणाला.

आणि तो एकटा नाही गं! अर्धं गाव हेच करतं. दवाखान्यातली नर्स बहिणीच्या जुळ्या पोरींना आणते, बँकेतून निवृत्त झालेला तो ताठ माणूस कुणाची तरी नात आणतो. सुट्टीत या गावात मोकळी पोर मिळणं मुश्कील झालंय. सगळ्या बुक झालेल्या असतात.

यावरून माझं आणि व्हर्नाचं जुंपलं. तीच व्हर्ना, आइस्क्रीमच्या खिडकीतली. आता हॉलच्या कमिटीची अध्यक्ष आहे आणि तोंडाला अजिबात लगाम नाही. ती म्हणते, ही चित्रं लहानांना आणि मोठ्यांना सारखीच भावतात, मग मोठ्यांनी चोरासारखं का यायचं? मी म्हणालो, "भावतात कसली! पोरांचा खेळ आहे तो. मोठी माणसं झोप काढायला येतात."

"क्लॅरी, चाळीस वर्षं तू वर सिनेमाच्या मशीनच्या खोलीत पाठ करून बसलास," ती म्हणाली. "तू कधी बघितलंयस कोण काय करतं ते?"

मला राग आला. मग आमचं ठरलं. आधी फक्त मोठ्यांचा एक खेळ, पोर आणायची सक्ती नाही, उलट बंदी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरांचा. मी मशीन चालू करून रडक्या खोलीत बसायचं आणि काचेतून दोन्ही बघायचे. रडकी खोली आठवते ना? बाळ रडायला लागलं की बायांनी मागच्या त्या काचेच्या खोलीत जाऊन सिनेमा बघायचा. तू तान्ही असताना तुझी आई आख्खं वर्षभर तिथे बसली. आता तिथे खुर्च्यांच्या थप्प्या आहेत.

हेटीला विचार, ती कुणाबरोबर सिनेमा बघते. माझ्याकडे आणायला कोणी नाही. म्हणजे उसनी मिळेल, पण मला ती नको आहे.

डॅड

९ जून

रॉझ,

दोन्ही खेळ झाले. तू उत्तर देत नाहीस तरी लिहितो, कारण डोक्यात बसलंय आणि व्हर्नाला सांगायची सोय नाही. ती लगेच जिंकल्यासारखी नाचेल.

बुधवारी सकाळी मोठी माणसं आली. एकेचाळीस जणं. स्कोन, जॅम, चहा. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, चर्चला आल्यासारखे. सिनेमा सुरू झाला आणि रॉझ, सगळं चिडीचूप! एक वॉम्बॅट नाकावर आपटतो, त्यावर पोरं लोळायला हवीत. इथे कोणीतरी खोकलं. मोठ्यांसाठी म्हणून घातलेले विनोद असतात ना मधूनमधून, सासूचे, कर्जाचे, त्यांवर 'हं' एवढंच. वॉली पहिल्या रांगेत एकटा, हात मांडीवर. संपल्यावर म्हणाला, "बरा होता. पण मजा नाही आली." आणि हा माणूस कार्टूनसाठी पोरं पळवणारा! मी मनात म्हटलं, जिंकलो. पोरांचाच खेळ.

गुरुवारी शाळा आली. साठेक पोरं, तीन शिक्षिका, त्याही पार मागे एका कोपऱ्यात, गप्पा मारत. पोरं हसली, ओरडली, खुर्च्यांवर उभी राहिली. इथवर माझं बरोबर. मग ती जागा आली. वणवा लागलेला असतो, वॉम्बॅटची म्हातारी आजी पिल्लाला बिळातून पुढे ढकलते आणि म्हणते, तू चल, मी मागेच आहे. पिल्लू पलीकडे बाहेर पडतं, मागे वळून बघतं. मागे कोणी नाही.

मी पडदा बघतच नव्हतो, काचेतून पोरांची डोकी बघत होतो. सगळी डोकी वळली गं. डावीकडे, उजवीकडे, मागे. आई कुठे, बाप कुठे, कोणाचं तोंड कसं झालंय ते बघायला. किती वाईट वाटून घ्यायचं हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडावरून कळतं. शेजारी त्यांच्यासारखीच पोरं. शिक्षिका फोनमध्ये. मग काय, अर्धा मिनिट शांतता आणि एकदम शिट्ट्या, पॉपकॉर्नची फेकाफेक, एकाने दुसरीची टोपी ओढली. मस्ती नव्हती ती. मला चांगलं माहीत आहे मस्ती कशी असते.

तेव्हा मला बुधवारचं कोडं सुटलं. मोठी माणसं वॉम्बॅटला हसायला येतच नाहीत. ती पोराला हसताना बघून हसतात. आणि त्या बिळाच्या जागी पोरं मोठ्यांकडे बघतात, मोठी पोरांकडे, पडद्याकडे कोणी बघतच नाही. मग सारखं भावतं म्हणायचं का? कुणास ठाऊक. अर्धं अर्धं भावतं, आणि दोन्ही अर्धी शेजारी बसायला लागतात.

हे व्हर्नाला सांगितलं. चूक केली. ती नाचली नाही. हातातला कप खाली ठेवून म्हणाली, "क्लॅरी, त्या दिवशी रॉझ तेच करत होती."

पुढचं ती बोलली ते मी आज लिहू शकत नाही.

डॅड

१२ जून

रॉझ,

तीन कागद फाडले. हा चौथा. याचं काय होईल ते होवो, मी पाकीट चिकटवून पोस्टात टाकणार आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात हेटी टीव्हीवर कार्टून बघून रडली, आणि मी म्हणालो, "अगं कार्टून आहे ते, त्यात रडायचं काय?" तू भांडं पुसता पुसता थांबलीस. म्हणालीस, "डॅड, आईला पुरलं त्या दिवशी मला कुठे बसवलं होतंस?" मी म्हणालो, "त्याचं काय? बदकांचा सिनेमा होता, तू मजेत होतीस. लहान मुलं विसरतात. मी स्वतः ऐकलं तुला हसताना." तू त्याच संध्याकाळी सामान भरलंस. हेटी गाडीच्या मागच्या काचेतून हात हलवत होती.

मी ऐकलं नव्हतं, रॉझ. मी कसा ऐकणार? मी दफनभूमीत होतो. मशीनवर वॉली होता. मी तुझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो, आणि इतकी वर्षं स्वतःशीही तेच बोलत होतो.

त्या काळी पोरांना दफनाला नेत नसत. सगळेच म्हणाले, तिला सिनेमाला बसव, आइस्क्रीम दे. तू आठ वर्षांची. तुला तर आई ॲडलेडच्या हॉस्पिटलात आहे एवढंच ठाऊक. ती तीन दिवसांपूर्वी गेली हे मी तुला सांगितलंच नव्हतं. सिनेमा सुटल्यावर व्हर्ना तुला घरी घेऊन आली आणि आपल्या स्वयंपाकघरात मावश्या काळ्या कपड्यांत सँडविच कापत होत्या. तुला तिथे कळलं, पावाच्या ढिगाशेजारी.

आता व्हर्ना काय म्हणाली ते. ती तेव्हा बावीस वर्षांची, तुझ्यामागच्या रांगेत बसवली होती तिला, तुझ्यावर लक्ष ठेवायला. ती म्हणाली, "पोरगी सुरुवातीला हसली. मग मागे वळायला लागली. वरच्या मशीनच्या खिडकीकडे. कुत्र्याची वाट बघत होती." प्रत्येक शनिवारी सिनेमा सुरू होण्याआधी मी मशीनच्या झोतात हात धरायचो आणि पडद्यावर आख्ख्या हॉलएवढं कुत्रं भुंकायचं. सगळं गाव त्याला रॉझचं कुत्रं म्हणायचं. त्या दिवशी कुत्रं आलं नाही. वॉलीला ते जमत नव्हतं, आणि जमलं असतं तरी काय. व्हर्ना म्हणाली, "शेवटपर्यंत वळून बघत होती, क्लॅरी. बदकं कोणी बघितलीच नाहीत. मी तुला हे कधीच सांगायला हवं होतं, पण तुझं तोंड बघून हिंमत झाली नाही."

माझं तोंड! तेच तर आहे सगळ्याचं मूळ. लोकांना मी सांगत आलो की पोरीला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. थापा. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघितलं असतंस, आणि माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं नव्हतं. मला तुला दाखवायची भीती वाटली. म्हणून तुला अंधारात बसवलं आणि मी पळालो.

माफी माग असं व्हर्ना म्हणते. मागतो. मला माफ कर, असं लिहिलं की ते फार छोटं दिसतं कागदावर, पण तेच म्हणायचंय.

जुलैला ये, रॉझ. पंधरा तारीख, शनिवार, दुपारी दोन. रांग फ. मी तीन खुर्च्यांवर कोट टाकून ठेवीन. नाही आलीस तरी कोट तिथेच राहतील. मला तुझी फार आठवण येते. रोज येते. तुझ्या आईची, मार्लीनची येते त्याहूनही तुझी जास्त येते, कारण तू आहेस.

डॅड

२९ जून

रॉझ,

तुझं कार्ड काल आलं. 'शुक्रवारी १४ला येतो. सोमवारी परत. मी काही कबूल करत नाहीये. हेटी विचारते कुत्रं करशील का.' चार वाक्यं. मी चाळीस वेळा वाचली असतील. व्हर्नाने हातातून ओढून घेतलं, वाचलं आणि डोळे पुसत मला म्हणाली, "दाढी कर."

लोखंडी सामान हलवलं. गादी उन्हात टाकली, म्हणजे जूनच्या थंडीत जेवढं ऊन मिळतं तेवढ्यात. हेटी काय खाते? पेस्टी खाते का, ती खिमा आणि सलगम भरलेली? तू काढून टाकायचीस सलगम आणि बशीखाली लपवायचीस, मला माहीत होतं. विमानातून उतरून ॲडलेडहून गाडी चालवताना संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, उजेडातच पोच.

काही कबूल करू नकोस. फक्त ये.

एक अडचण आहे. कुत्रं करायचं तर मला वर मशीनच्या खोलीत असायला हवं, आणि मी वर असलो तर खाली नाही. वॉलीला शिकवून बघितलं. त्याचं कुत्रं सशासारखं दिसतं, आणि ससाही आजारी.

डॅड

१६ जुलै, रविवार

रॉझ,

तू आणि हेटी गळ टाकून स्क्विड धरायला धक्क्यावर गेलायत. मला यायला सांगितलंत, मी गुडघ्याचं निमित्त केलं. गुडघा बरा आहे. मला हे लिहायचं होतं. तीन दिवस आपण चहा, रस्ते, हेटीची शाळा, होबार्टचं घरभाडं, सगळं बोललो. तेवढंच बोललो. तक्रार नाही. पण काल हॉलमध्ये जे झालं ते तू अर्धंच बघितलंस, अर्धं मी बघितलं, म्हणून माझं अर्धं लिहून ठेवतो.

मी खालीच बसलो, ते तू पाहिलंस. शेवटच्या क्षणापर्यंत ठरत नव्हतं. दिवे विझले, वॉलीने बटण दाबलं, पडदा पांढरा झाला आणि हेटी माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा, कुत्रं कुठाय?" माझा जीव तुटला. मी म्हणालो, "कुत्र्याला आज सुट्टी. आज कुत्रं खाली बसून सिनेमा बघणार आहे." ती म्हणाली, "मग ठीक," आणि माझ्या मांडीवर पॉपकॉर्न सांडलं. तू हसली नाहीस. तू समोर बघत होतीस.

हॉल भरलेला होता. उसनी पोरं, खरी पोरं, आज्या. वॉम्बॅट नाकावर आपटला आणि काय हशा पिकला! मीही हसलो. दोनदा बघून झालेला सिनेमा, आणि मी हसतोय. हेटी हसते तेव्हा आधी नाक उडवते, मार्लीनसारखं. ते तुला माहीत असेलच. मला कालच कळलं.

मग ती बिळाची जागा आली. तू चल, मी मागेच आहे. हेटीने वळून तुझ्याकडे बघितलं, सगळ्या हॉलमधली पोरं वळली तशी. तू तिचा हात धरलास. आणि मग तू वळलीस.

तू माझ्याकडे नाही वळलीस, रॉझ. मी इथेच होतो, मध्ये फक्त हेटी. तू माझ्यावरून मागे बघितलंस, वरच्या त्या चौकोनी खिडकीकडे. तुला कळलंही नसेल. मान आपोआप वळली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, केसांत पांढरं आलेलं, आणि तोंड अगदी आठ वर्षांच्या पोरीचं. व्हर्नाने मला सांगितलं होतं ते सगळं माझ्यासमोर घडत होतं.

मी तुझी बाही ओढली. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काय झालं. मी म्हणालो, "रॉझ, मी वर नाहीये. इथे आहे."

तू बघितलंस. माझं तोंड तेव्हाही बघण्यासारखं नव्हतं. नाक गळत होतं, दातांची कवळी हलत होती. दोन्ही हात मांडीवर होते, एक उचलून तोंडावर घेता आला असता. नाही घेतला. तू बघ बघ बघितलंस आणि मी बघू दिलं. किती वेळ ते ठाऊक नाही, पडद्यावर तोवर पिल्लाला नवं बीळ मिळालं होतं. मग तू हेटीच्या डोक्यावरून हात घालून माझ्या तोंडातली कवळी नीट बसवलीस, हेटीची टोपी बसवतेस तशी, आणि पुढे बघायला लागलीस.

दिवे लागल्यावर वॉली भेटला. दोन पोरी उसन्या आणलेल्या. "मीठ?" मी विचारलं. "तुझ्याही डोळ्यात?" तो म्हणाला. एवढंच.

तू मला माफ केलंस की नाही ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. उद्या तू जाशील आणि परवापासून घर पुन्हा गप्प होईल. ते मी सोसीन. पण ऑक्टोबरच्या सुट्टीतही कार्टून आहे, पेंग्विनचं, आणि रांग फ माझ्याच ताब्यात आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या बॅगेत, पेस्टीच्या डब्याखाली ठेवतोय. दोन पेस्टींत सलगम नाही, ओळखायला त्यांच्या कडेला टोक काढलंय. होबार्टला पोचल्यावर वाच. इथे वाचलंस तरी चालेल.

हेटीचा आवाज येतोय फाटकातून. सकाळी भिंतीवर तिला कुत्रं शिकवलं, तिच्या कुत्र्याचा एक कान अजून पडतो. थांबतो, दार उघडायला जातो.

डॅड